लावणे, उगवणे आणि राखणे : रत्नागिरीच्या परसातील रानफुले

वनस्पतीच्या वाढीसंबंधी मराठीत दोन क्रियापदे सर्वपरिचित आहेत. माड ‘लावतात’, तण ‘उगवते’. पहिल्यात कर्तृत्व माणसाचे, दुसऱ्यात वनस्पतीचे. परंतु रत्नागिरीकडील घराभोवतीचा परस समजून घ्यावयाचा, तर ‘राखणे’ हे तिसरे क्रियापदही विचारात घ्यावे लागते. गवत राखतात, देवराई राखतात; कोकणात ‘राखणदार’ ह्या शब्दाने गावाचे रक्षण करणाऱ्या दैवताचाही निर्देश होतो. जे आपण लावलेले नाही त्यास जागा देणे, गुरांपासून व विळ्यापासून ते जपणे आणि बी पडेपर्यंत धीर धरणे, एवढा अर्थ ह्या क्रियापदात सामावतो. घरच्या बागेत देशी रानफुले वाढविणे हे पुष्कळ अंशी ‘राखणे’च होय.

तेरड्याचे उदाहरण घ्यावे. भाद्रपदात कोकणातील अनेक घरांत तेरड्याची रोपे गौर म्हणून पुजली जातात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण फुलाच्या क्षणिकतेवर बोट ठेवते. बागाईत करणाऱ्याने मात्र रंगापलीकडे बियांकडे पाहावयास हवे. हे रोप एका पावसाळ्याचे. पिकलेले बोंड स्पर्श होताच फुटते व बी दूर उडते. श्रावणातील बेणणीत सारीच रोपे उपटली, तर पुढील वर्षासाठी बी पडतच नाही. म्हणून गडग्याच्या कडेची काही रोपे राखावीत. बी हवे असल्यास पिकू लागलेल्या बोंडांवर विरळ कापडाची पुरचुंडी बांधावी आणि ते बी पुढील पावसाच्या तोंडावर पेरावे.

कळलावीचे नाव अधिक बोलके आहे. संस्कृतात तिला ‘लाङ्गली’ म्हणतात. लाङ्गल म्हणजे नांगर. तिचा जमिनीतील दुफाटा कंद त्या आकाराचा असतो. ‘कलिकारी’ ह्या दुसऱ्या नावात कलहाचा अर्थ आहे, तर मराठी नावात प्रसूतीच्या ‘कळे’चाही अर्थ लोक पाहतात. पानाच्या टोकाचा ताणा होऊन ही वेल वर चढते. म्हणून तिला वईचा किंवा झुडपाचा आधार द्यावा. पावसानंतर वरचा भाग वाळतो, कंद मात्र मातीत जिवंत राहतो. ती जागा रिकामी समजून खणू नये. तेथे खूण करून ठेवावी. ह्या वनस्पतीत, विशेषतः कंदात, कॉल्चिसिन हे प्राणघातक विष असते. मुलांच्या वावराच्या जागी किंवा सुरण, कणगी ह्यांच्या शेजारी तिला थारा देऊ नये.

परंतु प्रत्येक रानफूल परसात आणता येत नाही. ‘सीतेची आसवे’ ही नाजूक वनस्पती जांभ्या दगडाच्या सड्यावर, पाणी साचलेल्या पातळ मातीत वाढते. तेथे पोषणद्रव्ये अल्प असतात. ती उणीव ती सूक्ष्म जीव पकडून भरून काढते. शेणखत घातलेली माती तिला मानवत नाही. शास्त्रीय नावातच कोकणाचे नाव धारण करणारी ‘डिपकाडी कोंकनेन्स’ ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पतीही सड्याचीच रहिवासी. तिचे कंद उकरून घरी आणणे म्हणजे तिचा मूळ ठिकाणी नाश करणे होय. अशा वनस्पती सड्यावरच राखावयास हव्यात.

येथे शब्दांचा परिणाम स्पष्ट दिसतो. महसुली परिभाषेत लागवडीस अयोग्य क्षेत्र म्हणजे ‘पोटखराबा’. सड्यास हे नाव मिळाले, की चिरेखाणीसाठी किंवा सुरुंग लावून कलमे लावण्यासाठी तो फोडताना काही गमावले जात आहे असे वाटत नाही. ‘तण’ हा शब्दही तसाच. वनस्पतिशास्त्रात तण नावाचे कुळ नाही. तो केवळ माणसाने दिलेला निर्णय आहे. बेणणी करणाऱ्यास रोपाचे नाव ठाऊक असले, तर हा निर्णय थोडा लांबतो. एरवी नाव पुसले जाते, आणि पाठोपाठ रोपही उपटले जाते. म्हणून गावोगावची नावे नोंदविणाऱ्या अभ्यासकाने नावासोबत रोपाची जागा, ऋतू आणि ते कोण राखते, हेही टिपावे.