टाकीच्या अंगावरची रेघ

सिलिंडरमधला गॅस संपत आला की नाही, हे पाहण्याची एक जुनी युक्ती पुष्कळ घरांत अजून चालते. ओले फडके पिळून सिलिंडरवर वरपासून खालपर्यंत फिरवायचे आणि दोन मिनिटे थांबायचे. वरचा भाग भराभर वाळतो, खालचा ओलसरच राहतो आणि मध्ये आडवी रेघ उमटते. रेघेखाली द्रवरूप गॅस, वर नुसती वाफ. तेलसाठ्याच्या अजस्र टाक्या बाहेरून तपासायला जे अवरक्त कॅमेरे वापरतात, त्यांचे बरेचसे शास्त्र या फडक्यात आहे असे म्हटले तर एखादा इंजिनिअर रागावेल. पण फारसा नाही.

विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा आणखी वर चढला. हेच अवरक्त किरण. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे ते सोडत असते आणि हा कॅमेरा ते टिपून कमीअधिक उष्णतेचे चित्र काढतो.

आता माहूल, शिवडी किंवा उरणकडे दिसते तशी पोलादी टाकी डोळ्यांसमोर आणा. दिवसभर तिच्यावर ऊन पडते. पत्र्यामागे जिथे तेल आहे तिथली उष्णता तेल शोषून घेते. जिथे नुसती वाफ आहे तिथला पत्रा लवकर तापतो. सूर्य मावळला की उलटे होते. वरचा रिकामा भाग झटकन निवतो, तेलामागचा भाग ऊब धरून राहतो. कॅमेऱ्यातून पाहिले की टाकीच्या अंगावर तेलाची पातळी पट्टीने आखल्यासारखी दिसते. मात्र दिवसातून दोनदा, तापण्या-निवण्याच्या मधल्या वेळी, दोन्ही भागांचे तापमान सारखे होते आणि रेघ नाहीशी होते. त्या वेळी कॅमेरा घेऊन गेलेल्याला टाकी कोरी दिसेल. म्हणून या कामातला जाणता माणूस कॅमेऱ्याच्या किमतीआधी घड्याळ आणि आभाळ पाहतो.

रंगाचीही गंमत आहे. आपल्याला शुभ्र दिसणारी ऑइलपेंट दिलेली टाकी या कॅमेऱ्याला काळ्या टाकीइतकीच चांगली दिसते. पण चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा मढवलेला असेल तर तो आरशासारखा वागतो. कॅमेऱ्यात टाकीचे तापमान न येता आभाळाचे नाही तर शेजारच्या टाकीचे प्रतिबिंब येते. गंजका, मळका पत्रा नव्या झगमगीत पत्र्यापेक्षा खरे बोलतो!

पातळी तर मापकावरही कळते, मग एवढा खटाटोप कशाला? एक कारण गाळाचे. कच्च्या तेलाच्या टाकीत तळाशी मेणचट गाळ साचतो. तो तेलासारखा हलत-फिरत नाही, त्यामुळे पत्र्यावर त्याचा वेगळा पट्टा उमटतो. कुठे गुडघाभर, कुठे त्याहून उंच. टाकी साफ करायची तर ती रिकामी करून शेवटी बहुधा माणसेच आत उतरवावी लागतात. आत हवा कोंडलेली, वाफा विषारी आणि ज्वालाग्राही. कडेला गाळ किती आणि कोणत्या बाजूला जास्त आहे हे आधी कळले तर किती दिवस, किती माणसे, कोणत्या दाराने, हे ठरवता येते. आत घालवायचा एकेक तास वाचतो. कॅमेऱ्याच्या कौतुकात ही बाब सहसा शेवटी येते. मला ती पहिली वाटते.

दुसरे कारण इंग्लंडमधल्या बन्सफील्डचे. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायरमध्ये हा तेलसाठा होता. १० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी तिथल्या ९१२ क्रमांकाच्या टाकीत नळवाटे पेट्रोल येऊ लागले. पहाटे तीनच्या सुमारास पातळीमापक अडकला. पेट्रोल चढत होते, नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर आकडा मात्र जागच्या जागी होता. अशा वेळेसाठी बसवलेले, टाकी काठोकाठ भरताच पुरवठा तोडणारे वेगळे बटणही चालले नाही. साडेपाचनंतर पेट्रोल छतावरून ओसंडू लागले, त्याच्या वाफेचा ढग जमिनीलगत पसरला आणि ११ तारखेला सकाळी ६ वाजून १ मिनिटाने स्फोट झाला. वीसहून अधिक टाक्या पेटल्या, ४३ माणसे जखमी झाली. रविवारची पहाट होती म्हणून आजूबाजूच्या कचेऱ्या रिकाम्या होत्या. कोणी दगावले नाही. जयपूरजवळच्या सीतापुऱ्याला हे भाग्य लाभले नाही. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी तिथे व्हॉल्व्हमधून पेट्रोल सुटले, तासाभराहून अधिक वेळ वाफ पसरत राहिली आणि स्फोटात अकरा जण गेले.

पेट्रोलची वाफ डोळ्यांना सहसा दिसत नाही. पण ती अवरक्त किरणांपैकी सुमारे ३.३ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण शोषते. नेमके तेवढेच किरण पाहणारे कॅमेरे आहेत. त्यातले संवेदक उणे दोनशे अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागतात, म्हणून ते महाग. त्यांतून गळती धुरासारखी दिसते. टाकीच्या तळाचा पत्रा खालून गंजला असेल तर मात्र यातला कोणताही कॅमेरा काही सांगत नाही. पोलादाच्या आरपार त्याला दिसत नाही, विक्रेते काहीही म्हणोत.

बन्सफील्डला त्या रात्री कोणी असा कॅमेरा ९१२ वर रोखला असता, तर पडद्यावरच्या स्थिर आकड्याच्या वर सरकणारी रेघ बहुधा दिसली असती. पण रोखला असता का? चौकशीत बाहेर आले की तो मापक ३१ ऑगस्टपासून १४ वेळा अडकला होता. दर वेळी तो तात्पुरता चालू झाला, की काम पुढे सरकत होते. आणि ते शेवटचे बटण? त्याची चाचणी घेण्याचा दांडा योग्य जागी धरून ठेवायला एक साधे कुलूप लावावे लागे. ते शोभेचे नाही, त्यावाचून बटण चालत नाही, हे तिथे कोणाला माहीत नव्हते. कुलूप लावलेले नव्हते.