दिवा कोणाच्या घरातला?

चित्र नुसते पाहायचे नसते, वाचायचेही असते. सावळाराम हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र पुष्कळांनी छापील प्रतीत पाहिले असेल. अनेकजण ते राजा रविवर्म्याचे समजतात; पण रविवर्मा १९०६ साली वारले आणि हे चित्र १९४५-४६ चे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. चित्रासाठी उभी राहिली ती चित्रकाराची मुलगी गीता.

आधी कसब पाहू. ज्योतीवर आडवा हात, आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. पारदर्शक जलरंगात उजेड वरून थापता येत नाही. कागदाचा पांढरेपणाच राखावा लागतो. हे कौशल्य नाकारण्याचे आपल्याला कारण नाही.

हळदणकर वास्तववादी परंपरेतले. फ्रान्समध्ये इंप्रेशनिस्टांनीही घरातली स्त्री रंगवली. बर्थ मोरिसोच्या १८७२ च्या 'पाळणा' या चित्रात तिची बहीण एदमा निजलेल्या बाळाकडे पाहते आहे. एदमाही चित्रकार होती. लग्नानंतर तिची चित्रकला सुटली. हे कळले की ते चित्र केवळ वात्सल्याचे राहत नाही. कॅफे आणि रस्ता पुरुष चित्रकारांना मोकळा होता. प्रतिष्ठित घरातल्या बाईच्या वाट्याला घरच आले.

पण घर हीच स्त्रीची जागा, हे तरी कोणत्या स्त्रीचे सत्य? वरवट बकालच्या शिवारात कापूस वेचणारी बाई दिवस उजाडताच घराबाहेर असते. दिव्याची वात तिने वेचलेल्या कापसाची. चित्रात मात्र ती नाही. तिचे श्रम उजेडात आहेत, ती अंधारात.

या चित्राच्या तीन-चार वर्षे आधी, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरात दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. सुमारे २५,००० स्त्रिया जमल्या. घटस्फोटाचा हक्क आणि कामगार स्त्रियांना रजा यांचे ठराव झाले. मुलींच्या लग्नाची घाई करू नका, पत्नीने नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण व्हावे, असे बाबासाहेबांनी सांगितले. ज्यांना कोणी दिवा धरून उभे केले नव्हते, त्या स्वतःच उभ्या राहिल्या होत्या.

म्हणून वर्गात चित्र दाखवताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत. उजेड कोणावर पडला आहे? तो कोणाच्या श्रमाचा आहे? आणि चौकटीबाहेर कोण राहिले? सौंदर्य त्याने कमी होत नाही. त्याचा हिशेब तेवढा पुरा होतो.