बॅकअप आहे, पण किल्ली कुठाय?

बार्शीच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागली की काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. खिडकीतून रुमाल आत आणि सगळी गर्दी दाराशी. समजा, त्या रेटारेटीत तुमचा मोबाइल गेला. उद्या सकाळी पुण्यात परीक्षा आणि हॉलतिकीट फोनमध्ये. शिवाय आता हयात नसलेल्या आजीचा तो व्हॉइस मेसेजही त्यातच, ‘पोचलास का रं बाळा?’

‘टेन्शन कशाला, बॅकअप आहे की!’ असं म्हणाल. ठीक आहे, मित्राच्या फोनवर लॉगिन करून बघा. पासवर्ड आठवला तरी ओटीपी येणार तुमच्याच नंबरवर, म्हणजे चोरीला गेलेल्या फोनवर. डुप्लिकेट सिम काढलं तरी फसवणूक टाळण्यासाठी पहिले 24 तास त्यावर एसएमएस बंद असतात. कुलूप भक्कम, पण किल्ली फोनबरोबरच गेली!

म्हणून आधी किल्लीचं बघा. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा आणि तिथले 10 बॅकअप कोड कागदावर उतरवून घ्या. ओटीपीऐवजी हा कोड चालतो, प्रत्येक कोड एकदाच. एक कागद आईच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. त्याचा फोटो काढून फोनमध्ये मात्र ठेवू नका राव!

आता फुकटातली कपाटं. गुगलची 15 जीबी जागा ड्राइव्ह, फोटो आणि जीमेल मिळून आहे. ती भरली की बॅकअप थांबतो, त्यामुळे ‘गुड मॉर्निंग’चे व्हिडिओ वेळच्या वेळी उडवा. गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला तर तो फोनमधूनही जातो, हेही लक्षात असू द्या. जागा करायची तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. व्हॉट्सअॅपचा बॅकअप त्याच नंबरवर आणि त्याच गुगल अकाउंटवर परत मिळतो. त्याला एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावला असेल आणि तोच विसरलात, तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. म्हणून आजीचा मेसेज वेगळा काढून ड्राइव्हमध्ये टाका आणि एक कॉपी ताईला पाठवून ठेवा.

दाखल्यांसाठी 2015 पासून डिजिलॉकर आहे. त्यात ‘इश्यूड’ खाली थेट सरकारी विभागाकडून आलेला कागद कायद्याने मूळ प्रतीसारखाच धरला जातो. आपण स्कॅन करून चढवलेला कागद मात्र नुसता स्कॅनच राहतो. हा फरक काउंटरवर गेल्यावर कळण्यापेक्षा आजच बघून घ्या.

आणखी एक, *#06# डायल करून आयएमईआय नंबर त्याच कागदावर लिहा. फोन गेला तर पोलीस तक्रार करून ‘संचार साथी’वर तो ब्लॉक करता येतो.

येत्या रविवारी दहा मिनिटं काढा. आपला फोन बंद करून घरातल्या दुसऱ्या फोनवर, त्या कागदावरचा कोड वापरून हॉलतिकीट उघडून दाखवा. उघडलं तर बॅकअप आहे. नाही उघडलं, तर बरंच झालं, घरबसल्या कळलं. आणि हो, लॉगआउट करायला विसरू नका!