व्यंगचित्र कसं पाहावं?

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना लक्ष्मणचा 'कॉमन मॅन' सांगायला नको. चौकड्यांचा कोट, धोतर, आणि तोंडातून चकार शब्द नाही! पण इल्फर्डला वाढणाऱ्या मुलांनो, हा गप्प माणूस मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त १९५१ पासून कित्येक वर्षं रोज पुढाऱ्यांचं पितळ उघडं पाडत होता.

लक्ष्मणना लहानपणापासून डेव्हिड लो फार आवडत. हे लो लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये चित्रं काढीत. २० सप्टेंबर १९३९चं त्यांचं चित्र बघा. हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून एकमेकांना वाकून नमस्कार करताहेत, तोंडानं मात्र शिव्या, आणि मधे एक प्रेत पडलंय. ते प्रेत पोलंडचं. ही दोस्ती खोटी, हे लोंनी तेव्हाच दाखवलं. जून १९४१मध्ये हिटलर रशियावर चालून गेला.

त्याच काळात जर्मनीत श्ट्रायखरचं 'डेर श्टुर्मर' निघे. त्यातही चित्रं होती, लोक हसतही. पण हसायचं कशाला? ज्यू माणसाच्या नाकाला! त्याचा शेवट काय झाला, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून नुसतं हसू आलं, रेघ सुबक आहे, एवढ्यावर चित्राला चांगलं म्हणू नये. आम्ही दोन प्रश्न विचारतो. हसतोय ते माणसाच्या करणीला की त्याच्या जन्माला? आणि मार बसतोय तो बळवंताला की दुबळ्याला?

आजी-आजोबांनो, पेपरातलं चित्र नातवंडांपुढे ठेवा आणि हेच विचारा.