समुद्र नसलेला दीपस्तंभ

दीपस्तंभाचे चित्र म्हटले की त्यात काय काय असणार, हे आपण आधीच गृहीत धरलेले असते. काळे खडक, त्यांवर फुटणाऱ्या लाटा, भरून आलेले आभाळ आणि दूरवर हेलकावणारे एखादे गलबत. अमेरिकी चित्रकार एडवर्ड हॉपर यांच्या १९२९ सालच्या ‘द लाइटहाउस ॲट टू लाइट्स’ या तैलचित्रात यांपैकी काहीही नाही. आहे तो गवताचा चढ, त्यावरचा पांढरा मनोरा, त्याला लगटून असलेली इमारत आणि विरळ ढगांचे निळे आकाश. समुद्राचा मागमूसही नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील या चित्रापुढे उभ्या राहणाऱ्याला ही उणीव मात्र सहसा जाणवत नाही. असे का होते, हे समजून घेण्यासाठी या चित्रामागील प्रवासाकडे वळावे लागते.

हॉपर यांचा जन्म १८८२ चा. चाळिशी उलटेपर्यंत मासिकांसाठी व जाहिरातींसाठी चित्रे काढून त्यांनी पोट भरले. ते काम त्यांना मनापासून नकोसे होते. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मांडलेली त्यांची सर्व जलरंगचित्रे विकली गेली आणि ही चाकरी सुटली. चित्रकार जोसेफिन निव्हिसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला तो याच वर्षी. १९२७ साली या दांपत्याने एक जुनी डॉज मोटार घेतली. कलेच्या इतिहासात मोटारखरेदीची नोंद कशाला, असे कोणी म्हणेल. पण रेल्वे नेईल तेथेच थांबण्याचे बंधन सुटले, ते या मोटारीमुळे. त्याच उन्हाळ्यात ते मेन राज्यातील केप एलिझाबेथ या भूशिराशी पोहोचले.

या ठिकाणाला ‘टू लाइट्स’, म्हणजे दोन दिवे, असे नाव पडले ते तेथील जोड-दीपस्तंभांमुळे. आजचे ओतीव लोखंडाचे मनोरे १८७४ सालचे, सुमारे ६७ फूट उंचीचे. हॉपर तेथे गेले तेव्हा मात्र नाव दोघांचे आणि उजेड एकाचा, अशी स्थिती होती. पश्चिमेकडील दिवा १९२४ मध्येच कायमचा बंद करण्यात आला होता. गोमंतकीयांना हे दृश्य अपरिचित नाही. आग्वाद किल्ल्यातील १८६४ चा जुना दीपस्तंभही १९७६ पासून विझलेला आहे आणि जहाजांना खूण दाखवण्याचे काम नवा मनोरा करतो. हॉपर यांनी रंगवला तो पूर्वेकडचा, तेवता मनोरा. त्याचा जोडीदार या चित्रात नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी अनेक जलरंगचित्रे केली, शिवाय ‘लाइटहाउस हिल’ आणि ‘कॅप्टन अप्टन्स हाउस’ ही तैलचित्रेही. जलरंगात पांढरी भिंत तुलनेने सोपी असते. कागद तेवढा कोरा सोडला की झाले. तैलरंगात खरी कसोटी लागते. नळीतला पांढरा रंग जसाच्या तसा लावला तर भिंत चुना फासल्यासारखी निर्जीव दिसते. भर दुपारी आग्वादचा मनोरा कागदावर उतरवू पाहणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यालाही हा अनुभव येतोच. ऊन दाखवायचे तर आधी सावली नीट पाहावी लागते. हॉपर यांच्या भिंतींचा उन्हातला भाग किंचित पिवळसर असतो, सावलीतला निळा-करडा. दोन्ही शेजारी आले की डोळ्याला ‘पांढरे’ दिसते. घराच्या भिंतीवर पडलेले ऊन रंगवावे, एवढीच आपली इच्छा होती, असे ते सांगत. हे बोलणे विनयाचे वाटते, पण ते जवळजवळ शब्दशः खरे आहे.

दोन वर्षांनी, १९२९ च्या उन्हाळ्यात, ते पुन्हा त्याच जागी गेले. ‘लाइटहाउस हिल’मध्ये निम्मे लक्ष टेकडीच्या उतारावर होते, आता इमारत आणि मनोरा जवळ आले. पाहण्याची जागा चढाच्या खाली आहे, म्हणून ६७ फुटांचा मनोरा प्रत्यक्षाहून उंच भासतो आणि त्याच्यामागे आकाशाखेरीज काही उरत नाही. समुद्र गळाला तो येथे. लाटा आल्या असत्या, तर नजर त्यांच्याकडे गेली असती आणि भिंतीवरचे ऊन दुय्यम ठरले असते.

या मनोऱ्यात बदलत्या काळापुढे निश्चल उभा असलेला एकाकी माणूस पाहिला जातो. ते नाकारण्याचे कारण नाही. फक्त हॉपर यांच्या प्रत्येक चित्रावर ‘एकाकीपणा’ची चिठ्ठी चिकटवण्याची समीक्षकांना जरा सवयच झाली आहे. निम्मी विझलेली ही जागा तेव्हा ओसाड नव्हती. तेथे रखवालदाराचे घर होते, तटरक्षकांचे ठाणे होते, आणि सोबत जोसेफिनही होत्या.

हॉपर यांचे निधन १९६७ साली झाले. त्यानंतर तीन वर्षांनी मेन राज्याच्या स्थापनेला दीडशे वर्षे झाली, तेव्हा अमेरिकी टपाल खात्याने सहा सेंटांचे स्मारक तिकीट काढले. लांबच लांब समुद्रकिनाऱ्याच्या त्या राज्यासाठी त्यावर छापले गेले ते हेच, समुद्र नसलेले चित्र.