विश्लेषण : ‘एसआर’ गोळी कुटून का देऊ नये?

घरातील ज्येष्ठांना गोळी गिळता येत नाही, म्हणून ती कुटून पाण्यातून किंवा भातात कालवून देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मात्र औषधाच्या नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ ही अक्षरे असतील, तर हीच सोय धोक्याची ठरू शकते. यातील अनेक गोळ्यांचे काम पोटात तयार होणाऱ्या हायड्रोजेलवर अवलंबून असते.

हायड्रोजेल म्हणजे काय?

सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती बुळबुळीत थर चढतो. बियांवरील पॉलिसॅकराइड, म्हणजे शर्करेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, पाणी धरून ठेवतात. अशा साखळ्यांच्या जाळ्यात पाणी अडकले की हायड्रोजेल तयार होते. समुद्री शेवाळातील अल्जिनेट, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान आणि गवारीच्या बियांचा डिंक यांपासूनही अशी जेल बनवता येतात.

गोळीत ते कसे काम करते?

अनेक दीर्घप्रभावी गोळ्यांत औषधासोबत ‘एचपीएमसी’ हा सेल्युलोजपासून बनवलेला पदार्थ मिसळलेला असतो. गोळी पोटात भिजली की तिचा बाहेरचा भाग फुगतो आणि जेलचा थर तयार होतो. पाण्यात सहज विरघळणारे औषध या थरातून हळूहळू झिरपते. कमी विरघळणारे औषध थर झिजेल तसे सुटते. त्यामुळे एकाच गोळीचा परिणाम १२ किंवा २४ तास टिकू शकतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या काही ‘एक्सआर’ गोळ्यांचे उरलेले जेल शौचावाटे मऊ गोळीसारखे बाहेर पडते. ‘गोळी पचलीच नाही’ असे समजून दुसरी घेऊ नये. औषध शरीरात गेलेले असते, बाहेर पडतो तो रिकामा सांगाडा.

कुटल्याने काय बिघडते?

भुकटीच्या प्रत्येक कणाला पाणी थेट लागते आणि सलग थर तयारच होत नाही. दिवसभरासाठीची मात्रा थोड्या वेळात रक्तात उतरते. रक्तदाबाचे औषध असेल तर दाब एकदम घसरू शकतो. मॉर्फिनसारख्या औषधाने श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. उरलेल्या तासांत मात्र औषधाचा परिणाम राहत नाही.

मग पर्याय काय?

खाच असलेल्या काही ‘एसआर’ गोळ्या अर्ध्या करता येतात. पण त्या चावू किंवा कुटू नयेत. गिळण्याचा त्रास डॉक्टरांना आधीच सांगावा. अनेक औषधे द्रवरूपात किंवा दिवसातून दोन-तीनदा घ्यायच्या साध्या गोळ्यांत मिळतात. तो बदल मात्र डॉक्टरांनीच ठरवावा.