लेखांक 7 : जमीन संस्थेची, घर सभासदाचे

घराच्या किमतीत विटा-सिमेंटचा वाटा किती आणि जमिनीचा किती, याचा विचार मागील लेखांकात झाला. बांधकाम जुने होत जाते तशी त्याची किंमत घटते, जमिनीची मात्र रेल्वे, रस्ते, पाणी आणि आजूबाजूची वस्ती वाढल्यामुळे, म्हणजे मालकाने स्वतः काही न करताही, वाढत राहते, आणि पगारदार कुटुंब ठाणे सोडून अंबरनाथला, तेथूनही पुढे बदलापूर-वांगणीकडे सरकते ते प्रामुख्याने या दुसऱ्या वाढीमुळे. ही वाढ कोणाची, या प्रश्नाला दिलेले एक उत्तर म्हणजे कम्युनिटी लँड ट्रस्ट, अर्थात वस्तीच्या वतीने जमीन कायमची धारण करणारा लोकन्यास.

या न्यासाची रचना अशी असते की जमीन न्यासाकडे राहते व ती कधीही विकली जात नाही, कुटुंब फक्त घर विकत घेते, आणि घराखालच्या जमिनीसाठी सामान्यतः 99 वर्षांचा भाडेपट्टा करून नाममात्र भुईभाडे भरते. पट्ट्यात फेरविक्रीची अट असते. घर विकायचे झाल्यास पहिला हक्क न्यासाचा आणि किंमत ठरलेल्या सूत्रानेच. समजा, बाजारभावाने 50 लाखांचे घर जमिनीचा बोजा न्यासाने उचलल्यामुळे एका कुटुंबाला 30 लाखांना मिळाले, आणि काही वर्षांनी त्याचा बाजारभाव 70 लाख झाला. वाढ 20 लाखांची, आणि सूत्र विक्रेत्याला वाढीचा चौथा हिस्सा देणारे असेल, तर त्याला स्वतःचे 30 आणि वरचे 5 असे 35 लाख मिळतात, व पुढच्या कुटुंबाला तेच घर 35 लाखांनाच मिळते. उरलेले 15 लाख कोणाच्याही खिशात जात नाहीत. ते घराच्या किमतीतून वगळलेले राहतात. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन शहरात 1984 साली नगरपालिकेच्या पाठबळावर स्थापन झालेल्या न्यासाने चौथ्या हिश्श्याचे हे सूत्र रुळवले.

या कल्पनेचे एक मूळ भारतातच आहे, आणि ते महाराष्ट्राला परके नाही. पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी 1951 मध्ये सुरू केलेल्या भूदानातून ग्रामदान पुढे आले, ज्यात जमिनीची मालकी गावाकडे आणि कसण्याचा हक्क कुटुंबाकडे अशी विभागणी होती. ग्रामदानाच्या या विचाराचा प्रभाव असलेले रॉबर्ट स्वान आणि नागरी हक्क चळवळीतील स्लेटर किंग, चार्ल्स शेरॉड प्रभृती कार्यकर्ते यांनी 1969 मध्ये जॉर्जिया राज्यात ‘न्यू कम्युनिटीज’ नावाची संस्था उभारली. तीच पहिला कम्युनिटी लँड ट्रस्ट मानली जाते. ती शेतीची होती आणि 1985 मध्ये तिची जमीन हातची गेली, परंतु रचना टिकली आणि शहरांत घरांसाठी वापरली जाऊ लागली. महाराष्ट्रानेही 1964 मध्ये ग्रामदानाचा कायदा केला, मात्र शहरी घरबांधणीशी त्याची सांगड कधी घातली गेली नाही.

तरीही जमीन आणि घर यांची फारकत येथील सहकार कायद्याला ठाऊक आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खालील नियमांत गृहनिर्माण संस्थांचे जे उपवर्ग केले आहेत त्यांत ‘भाडेकरू मालकी’ संस्था म्हणजे जिची जमीन, मालकीची वा पट्ट्याची, संस्थेकडे असते आणि घरे सभासदांची असतात. कागदावर ही न्यासाचीच मांडणी आहे. त्यातच जमीन सरकारने सवलतीत दिलेली असेल, तर ती ‘भोगवटादार वर्ग-2’ या प्रकारात मोडते, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय तिचे हस्तांतरण करता येत नाही. सातबाऱ्यावर वा मालमत्ता पत्रकावर तशी नोंद असते, आणि परवानगी मिळाली तरी वाढलेल्या किमतीतील हिस्सा ‘अनर्जित उत्पन्न’ म्हणून शासनाला भरावा लागतो.

या व्यवस्थेचे काय झाले हे पाहण्यासाठी शिवमंदिराच्या अंबरनाथातील सूर्योदय सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. सरकारी जमिनीवर भूखंड पाडून ते सभासदांना दिले गेले. पुढे त्यांतले अनेक परवानगीविना हस्तांतरित झाले, बैठ्या घरांच्या जागी इमारती आल्या, आणि शर्तभंगाचा शिक्का बसल्याने त्या इमारतींत रीतसर पैसे मोजून सदनिका घेतलेल्या कुटुंबांपुढे व्यवहाराचा आणि पुनर्विकासाचा प्रश्न उभा राहिला. हा दोष केवळ लोकांच्या बेशिस्तीवर ढकलणे अन्यायाचे ठरेल. अट होती, पण तिच्यावर देखरेख करणारी यंत्रणा ठाण्यात होती. आणि मुख्य म्हणजे अट पाळूनही पुढच्या खरेदीदाराला घर स्वस्त मिळत नव्हते. अनर्जित उत्पन्नाचा हिस्सा तिजोरीत जातो, किंमत बाजाराचीच राहते, उलट नजराण्याचा भार बहुधा खरेदीदारावरच येतो. ज्या अटीचा शेजाऱ्यालाही लाभ नाही, ती मोडताना शेजारी हटकत नाही.

संस्थेच्या हातीही फारसे नसते. सदनिका हस्तांतरणाच्या वेळी तिला घेता येणाऱ्या अधिमूल्याची कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात 25,000 रुपये आहे. सभासदांची पिळवणूक थांबवण्यासाठी ही मर्यादा आवश्यकच होती, पण संस्थेच्या सभेत मत असते ते सभासदांनाच, म्हणजे पुढेमागे विकणाऱ्यांना. पुढे येणाऱ्या खरेदीदाराची बाजू मांडायला तेथे कोणी नसतो. न्यासाच्या प्रचलित रचनेत संचालक मंडळाचा एक तृतीयांश भाग न्यासाच्या घरांत राहणाऱ्यांचा, एक तृतीयांश परिसरातील इतर नागरिकांचा आणि उरलेला सार्वजनिक हिताच्या प्रतिनिधींचा असतो तो यासाठीच.

शासनाने मार्च 2019 मध्ये नियम करून वर्ग-2 च्या जमिनी अधिमूल्य भरून वर्ग-1 म्हणजे निर्बंधमुक्त करण्याची वाट खुली केली. अडकलेल्या रहिवाशांना तिची गरज होती यात शंका नाही, तथापि जमिनीवर सार्वजनिक हक्क सांगणारे उरलेसुरले बंधनही त्यासोबत सुटते.

न्यासाच्या मार्गातही खरी अडचण आहे. वाढीतला चौथाच हिस्सा घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला खुल्या बाजारात तेवढेच घर घेता येईलच असे नाही, आणि ज्याने बाजारभावाने पैसे मोजले आहेत त्याच्यावर हे सूत्र मागाहून लादणे तर सर्वथा अनुचित. त्यामुळे अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात ते लागू करता येईल ते अद्याप वाटप न झालेल्या सरकारी जमिनीवरच, आणि त्यासाठी फेरविक्रीचे सूत्र, न्यासाचा पहिला खरेदीहक्क आणि शेजारच्या नागरिकांचे प्रतिनिधित्व या तिन्ही गोष्टी पहिला भूखंड पाडण्याआधी, जमीन देण्याच्या आदेशातच लिहाव्या लागतील.